चेल्सीच्या लाल कोटवाल्यांचे घर कोणाच्या पैशाने उभे राहिले?

छावणीकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. महूत निवृत्त फौजींची वस्ती एवढी दाट आहे, की ‘वृद्ध सैनिकांसाठी कायमचे निवासगृह असावे की नाही’ हा विषय इंदूरच्या मराठी घरांतही अधूनमधून निघतो, आणि तो निघाला की कोणीतरी लंडनच्या रॉयल हॉस्पिटल चेल्सीचे, म्हणजे तेथील राजाने वृद्ध सैनिकांसाठी काढलेल्या निवासगृहाचे, नाव घेतेच. लाल कोट, तिकोनी टोपी आणि छातीवर पदके लावलेले ते वृद्ध आपण सर्वांनी चित्रांत पाहिलेले आहेत. ‘राजा असावा तर असा’ हा शेराही त्यापाठोपाठ ठरलेला असतो. त्या संस्थेचा इतिहास जरा मुळापासून वाचल्यावर मला हा शेरा पटेनासा झाला आहे. तो का पटत नाही, ते सविस्तर मांडतो. जाणकारांनी पुढे भर घालावी.

इंग्लंडमध्ये कायमस्वरूपी खडे सैन्य ठेवण्याची पद्धत १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परतल्यानंतरची. खडे सैन्य आले की त्याच्या मागोमाग म्हातारे आणि जायबंदी शिपाईही येतात, आणि त्यांचे काय करायचे हा प्रश्न वीस वर्षांतच दरबारापुढे उभा राहिला. शेजारी फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने १६७० मध्ये आज्ञा काढून पॅरिसला ‘इनव्हॅलिड्स’ बांधायला घेतले होते आणि १६७४ पासून तेथे शिपाई राहूही लागले होते. आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ किलमेनहॅमचे काम १६८० मध्ये सुरू झाले. लंडन त्यामानाने मागे होते. शेवटी डिसेंबर १६८१ मध्ये चार्ल्सने फर्मान काढले आणि पुढच्या फेब्रुवारीत पायाचा दगड बसवला. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर रेन, म्हणजे लंडनचे सेंट पॉल्स कॅथेड्रल ज्याने बांधले तोच.

राजाने आज्ञा दिली हे खरे, पण राजाच्या तिजोरीत पैसा नव्हता. सारी जुळवाजुळव केली ती सर स्टीफन फॉक्स या गृहस्थाने. हा अनेक वर्षे सैन्याच्या पगाराचा कारभार पाहत होता आणि त्यातून गडगंज झाला होता. त्या काळी शिपायांच्या पगारातून दर पौंडामागे एक शिलिंग कापला जाई. त्या कपातीचा मोठा भाग निवासगृहाकडे वळवण्यात आला. त्याशिवाय प्रत्येक सैनिकाचा वर्षातून एक दिवसाचा पगार घेण्याचे ठरले. फॉक्सने स्वतःचेही काही हजार पौंड घातले आणि राजाने आपल्या गुप्त खर्चाच्या खात्यातून थोडी भर टाकली, परंतु नियमित उत्पन्न होते ते शिपायांच्या वजावटीचेच, आणि ही वजावट १८४७ पर्यंत चालू राहिली. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे चेल्सीचा चरितार्थ मुख्यतः सैनिकांच्या पगारावर चालला, आणि कीर्ती मात्र चार्ल्सच्या नावावर जमा झाली. आवारात त्याचा सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा आहे आणि २९ मे या त्याच्या जन्मदिवसाच्या सुमारास दरवर्षी संस्थापक दिन साजरा होतो. फॉक्सच्या नावाने असा सोहळा होत नाही. कर भरणाऱ्या शिपायाच्या नावाने तर कुठेच होत नाही.

नेल ग्विन या राजाच्या प्रेयसीने हट्ट धरला म्हणून हे घर बांधले गेले, अशी एक लाडकी दंतकथा लंडनमध्ये सांगतात. तिला समकालीन आधार नाही. दंतकथेपेक्षा मला त्या काळचा लेखक जॉन एव्हलिन याची दैनंदिनी अधिक मौजेची वाटते. फॉक्स आणि एव्हलिन या दोघांनी जानेवारी १६८२ मध्ये बसून संस्थेचा सारा आराखडा केला: अधिकारी किती, धर्मगुरू कोण, कारभारी कोण, स्वयंपाकघर कसे, शिस्त कोणती. त्यात एव्हलिनने ग्रंथालयाचा आग्रह धरला, कारण शिपायांपैकी काहीजण अभ्यासू वृत्तीचे निघू शकतात असे त्याचे म्हणणे होते. सतराव्या शतकात म्हाताऱ्या शिपायाविषयी एवढा विचार करणारा माणूस विरळाच.

बांधकामाला दहा वर्षे लागली. चार्ल्स १६८५ मध्ये वारला, त्याचा भाऊ गादीवर येऊन पदच्युतही झाला, आणि १६९२ मध्ये विल्यम व मेरी यांच्या राजवटीत पहिले शिपाई राहायला आले. त्या मार्चअखेर त्यांची संख्या ४७६ होती. रेनने दक्षिणेला, थेम्सच्या बाजूला, उघडा राहणारा चौक ठेवला आणि दोन्ही अंगांना दोनशे फुटांहून लांब दालने काढली. प्रत्येक शिपायाला त्यात ओकच्या लाकडी फळ्यांनी आडोसा केलेली सहा फूट लांब व सहा फूट रुंद खोली मिळे. जिन्याच्या पायऱ्या मुद्दाम कमी उंचीच्या ठेवल्या, कारण चढणाऱ्यांचे गुडघे कसे असणार हे त्याला ठाऊक होते. त्या खोल्या विसाव्या शतकात नऊ फुटांच्या झाल्या, आणि २०१५ पर्यंत झालेल्या नूतनीकरणात प्रत्येकाला स्वतःचे स्नानगृह व बसण्याची जागा मिळाली.

आता मुख्य मुद्दा. इमारत पुरी होईपर्यंतच पात्र शिपायांची संख्या जागेपेक्षा जास्त झाली होती. ज्यांना खोली देता आली नाही त्यांना रोख निवृत्तिवेतन देऊन घरी राहू देण्यात आले. अशा ‘बाहेरच्या’ निवृत्तांची संख्या १७०३ मध्ये केवळ ५१ होती. नेपोलियनशी झालेली युद्धे संपली त्या १८१५ मध्ये ती ३६,७५७ होती. आत राहणारे तेव्हाही काहीशेच होते आणि आजही सुमारे तीनशेच आहेत. तेव्हा चेल्सीचा खरा इतिहास लाल कोटात शोधण्यापेक्षा निवृत्तिवेतनाच्या वह्यांत शोधावा असे माझे मत आहे. आपण निवासगृहाचा आग्रह धरताना या दोन आकड्यांचे प्रमाण विसरतो.

रामबागवाचक

उत्तम लेखन, छावणीकर. पैशाच्या मुद्द्यावर पॅरिस आणि वॉशिंग्टन ही दोन उदाहरणे जोडतो.

फ्रान्समध्ये लुईच्या आधी जायबंदी शिपायांना मठांत ठेवण्याची चाल होती. मठाधिपतींनी त्यांना पोसावे आणि त्यांनी घंटा वाजवणे, झाडलोट करणे अशी कामे करावीत. शिपायांना मठातले जीवन मानवत नसे आणि मठांना शिपाई मानवत नसत. लुईने ही जबाबदारी पैशात बदलून घेतली: मठांनी वर्गणी द्यायची आणि सैन्याच्या खर्चातूनही ठरावीक हिस्सा कापायचा. पॅरिसच्या त्या घरात शिस्त कडक होती. चपला शिवणे, गणवेश शिवणे, हस्तलिखिते रंगवणे अशा कामांचे कारखाने आत चालत. गंमत अशी, की १४ जुलै १७८९ च्या सकाळी जमावाने याच इमारतीतून हजारो बंदुका नेल्या आणि मग बॅस्टिलकडे मोर्चा वळवला. आत राहणाऱ्या वृद्ध शिपायांनी त्यांना अडवण्याचा विशेष प्रयत्न केला नाही. पुढे १८४० मध्ये नेपोलियनच्या अस्थी तेथे आल्यापासून पर्यटक समाधी पाहून परततात, पण त्या आवारात आजही युद्धात जखमी झालेल्यांची निवासव्यवस्था चालू आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांच्या ध्यानात येते.

अमेरिकेचे उदाहरण आपल्या मराठी वाचकांना लगेच कळेल, कारण त्यात चक्क खंडणी आहे. जनरल विनफिल्ड स्कॉटने १८४७ मध्ये मेक्सिको शहर घेतले तेव्हा लूट न करण्याच्या बदल्यात १,५०,००० डॉलर वसूल केले. त्यातून उरलेली रक्कम पुढे वॉशिंग्टनच्या ‘सोल्जर्स होम’ला मिळाली, ज्याचा कायदा १८५१ मध्ये झाला. शिवाय प्रत्येक शिपायाच्या पगारातून महिना २५ सेंट कापण्याची तरतूद त्या कायद्यातच होती. म्हणजे तेथेही फॉक्सचाच मार्ग. यादवी युद्धाच्या काळात लिंकन उन्हाळ्यात याच आवारातल्या घरात राहायला जात असे.

निवृत्त सुभेदार, महू

छावणीकर, लेख दोनदा वाचला. तुम्ही लष्करात नव्हता तरी मुद्दा बरोबर पकडला आहे. दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट सावकारीची. चेल्सीच्या बाहेरच्या निवृत्तांना सुरुवातीला पैसे थकबाकीने, बऱ्याच उशिराने मिळत. तोवर म्हाताऱ्याने खायचे काय? मग तो सावकाराकडे जाई आणि येणारे वेतन गहाण टाकी. विल्यम पिट, थोरला, सैन्याचा पगारमंत्री असताना त्याने १७५४ मध्ये हा प्रकार संसदेपुढे आणला आणि निवृत्तिवेतन आगाऊ द्यावे व गहाणाचे व्यवहार रद्द समजावेत असा कायदा करून घेतला. माझ्या मते चेल्सीच्या इतिहासातला सर्वांत मोठा सुधारणेचा दिवस तो, पायाचा दगड बसवला तो नव्हे. पेन्शन किती, यापेक्षा ती वेळेवर येते की नाही यावर म्हाताऱ्याची घरातली पत ठरते. हयातीचा दाखला देण्यासाठी रांगेत उभे राहिलेल्या प्रत्येकाला हे कळते.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. चेल्सीच्या आवारात एक उंच दगडी स्तंभ आहे, तो चिलियनवालाच्या लढाईचा. १३ जानेवारी १८४९ रोजी शेरसिंग अटारीवाल्याच्या शीख सैन्यापुढे इंग्रजांच्या २४ व्या पायदळ पलटणीची अतोनात हानी झाली. तिच्या मृतांसाठी तो उभारला. त्याच मैदानावर कंपनीचे देशी शिपाईही लढले आणि मेले. त्यांच्यातल्या जायबंदीला कंपनी दरमहा काही रुपये देऊन गावी पाठवी. गोऱ्या जायबंदींसाठी मात्र गंगाकाठी चुनारच्या किल्ल्यावर राहण्याची सोय होती. हा भेद केवळ रंगाचा होता असे मी म्हणत नाही. गोऱ्याला येथे गाव नव्हते, देशी शिपायाला ते होते. परंतु गाव आहे म्हणून सरकारची जबाबदारी संपली, हा जो समज तेव्हा रुजला, तो फार काळ टिकला असे मला वाटते.

दप्तरखाना

सुभेदार साहेबांच्या शेवटच्या वाक्याला पुस्ती जोडतो. त्याच्या बऱ्याच आधी क्लाइव्हच्या नावाने एक निधी उभा राहिला होता. मीर जाफरने क्लाइव्हला मृत्युपत्राने दिलेले पाच लाख रुपये त्याने कंपनीकडे ठेवले आणि १७७० पासून त्यातून कंपनीच्या जायबंदी युरोपीय अधिकाऱ्यांना, शिपायांना व त्यांच्या विधवांना साहाय्य मिळू लागले. पैसा बंगालचा आणि लाभार्थी युरोपीय. रामबागवाचकांनी खंडणीचे उदाहरण दिले म्हणून हे आठवले.

मराठी राज्यातली रीत वेगळी होती. लढाईत कामी आलेल्याच्या कुटुंबाला ‘बालपरवेशी’ म्हणून रोख नेमणूक किंवा जमीन दिल्याच्या नोंदी पेशवे दप्तरात आढळतात. त्यात घर किंवा आश्रम कुठेच नाही. जे काही द्यायचे ते माणसाच्या वतनाला, गावाला जोडून द्यायचे, असा विचार त्यामागे दिसतो. होळकर आणि शिंदे यांच्या सैन्याचा पसारा मोठा होता, पण शेवटच्या काळातल्या कवायती पलटणी सोडल्या तर तो बराचसा हंगामी आणि सरदारांमार्फत उभा राहणारा होता. खडे सैन्य फारसे नाही, तर खड्या सैन्याचा वृद्धाश्रमही नाही. छावणीकरांनी इंग्लंडबद्दल जे सुरुवातीला म्हटले आहे, तेच येथे उलट बाजूने लागू पडते.

होळकर आणि इंग्रज यांच्यातल्या महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि त्या तहानंतर महूची छावणी बसली. त्याच वर्षी पेशवाई बुडाली व कोकणात दापोलीला इंग्रजांचे लष्करी ठाणे झाले. पुढे नियमित फौज तेथून हलवली, तरी वयस्क शिपायांची ‘व्हेटरन बटालियन’ काही काळ दापोलीतच होती आणि निवृत्त शिपायांची कुटुंबे तेथे स्थायिक होत गेली. महूत १४ एप्रिल १८९१ रोजी ज्यांचा जन्म झाला, त्या बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर कुटुंबासह दापोलीलाच गेले. या वस्तीला कोणी वास्तुरचनाकार नव्हता, कोणा राजाचा पुतळा नव्हता, पण निवृत्त सैनिकांनी शेजारी शेजारी राहणे ही चेल्सीमागची अर्धी कल्पना तेथे आपोआप साकार झाली होती. निवृत्त शिपायांची मुले शाळेत जाऊ लागली, हा त्या शेजाराचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा परिणाम आहे. महूत आज जे दिसते तेही बरेचसे असेच आहे: नोकरीत असताना ओळखीचे झालेले गाव, जवळ लष्करी रुग्णालय, जवळ कॅन्टीन, आणि संध्याकाळी फिरायला जुने सोबती.

पलासियाची वाचक

धागा फार वाचनीय झाला आहे. माझे सासरे सैन्यात होते, त्यामुळे एक साधा प्रश्न विचारते. चेल्सीत पत्नीसह राहता येते का? आणि स्त्री सैनिकांना प्रवेश आहे का? आमच्याकडे हा विषय निघतो तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न हाच असतो.

छावणीकर (इंदूर)

ताई, सासूबाईंनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. चेल्सीत आत राहण्यासाठी वय किमान ६५ असावे लागते, ब्रिटिश भूसेनेत नोकरी झालेली असावी लागते आणि पोसावी लागेल अशी पत्नी वा पती नसावा लागतो. जोडप्याने राहण्याची तेथे सोय नाही. मुळात ते घर एकट्या पडलेल्या सैनिकांसाठी आहे, त्यामुळे तेथील बहुतेक रहिवासी जोडीदार गमावल्यानंतर आलेले असतात.

स्त्रियांना प्रवेश मिळाला तो २००९ मध्ये, म्हणजे संस्था सुरू झाल्यावर तीनशेहून अधिक वर्षांनी. पण त्याआधीही स्त्रियांचा चेल्सीशी संबंध आला होता. पुरुषवेषात सैन्यात लढलेली ख्रिश्चन डेव्हिस हिला निवृत्तिवेतन मिळाले आणि १७३९ मध्ये तिचे दफन चेल्सीच्या आवारात झाले. हॅना स्नेल हिचेही तसेच. ती पुरुषवेषात आरमारी पलटणीत भरती होऊन थेट हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर, पाँडिचेरीच्या वेढ्यात लढली होती. म्हणजे वहीत त्यांचे नाव चढले, पण खोलीचे दार उघडायला एकविसावे शतक यावे लागले. माझ्या मूळ मुद्द्याला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

आपल्याकडे निवासी स्वरूपाची जी संस्था मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुण्याजवळ खडकीला आहे. १९७१ च्या युद्धात पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखाली लुळे झालेले तरुण सैनिक बरेच होते. त्यानंतर १९७४ मध्ये तेथे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झाले. त्याच भागात क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. ती पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी हिंदी सैनिकांना हस्तव्यवसाय शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत निघाली आणि नंतर खडकीला आली. दोन्ही ठिकाणी प्रवेशाचे कारण वय नव्हे, इजा हे आहे. माझ्या दृष्टीने सरकारी निवासगृहाची खरी जागा तीच आहे. धडधाकट वृद्धासाठी वेळेवर निवृत्तिवेतन आणि जवळ रुग्णालय पुरेसे असते. ज्याला उचलून खुर्चीत बसवावे लागते त्याचे गाव कितीही प्रेमळ असले तरी त्याला पुरे पडत नाही.

रामबागवाचक

हे थोडे एकांगी होत नाही का? धडधाकट वृद्धही एकटा पडतो. मुले बंगळुरूला किंवा परदेशात, पत्नी गेलेली, आणि इंदूरमधला चार खोल्यांचा बंगला सांभाळणे झेपत नाही, अशी माणसे आपण सर्वच ओळखतो. देशी शिपायाला गाव होते हे सुभेदार साहेबांचे म्हणणे १८४९ साठी खरे आहे. आज कित्येकांचे गाव उरलेले नाही. चेल्सीचे तीनशे रहिवासी संख्येने थोडे असतील, पण ज्यांचे कोणी नाही अशा त्या तीनशेंना ते घर नसते तर निवृत्तिवेतनाची वही रात्री सोबतीला येणार नव्हती.

छावणीकर (इंदूर)

मुद्दा मान्य, आणि तो माझ्या मांडणीच्या आड येत नाही. मला फक्त एवढे विचारायचे आहे की असे घर निघाले तर त्याचा खर्च कोणत्या हिशेबातून व्हावा. चेल्सीत प्रवेश घेणाऱ्याला आपले लष्करी निवृत्तिवेतन संस्थेकडे सोपवावे लागते. त्याच्या बदल्यात त्याला खोली, जेवण, कपडे आणि शुश्रूषा मिळते. म्हणजे वजावट १८४७ मध्ये थांबली तरी तिच्यामागचे तत्त्व दुसऱ्या रूपात चालू आहे. महूत अशी अट घातली तर किती जण तयार होतील, हे सुभेदार साहेबांनी सांगावे.

निवृत्त सुभेदार, महू

तुमचा प्रश्न संध्याकाळच्या मंडळीत मांडला. पूर्ण पेन्शन सोडायला कोणीही तयार नाही. याचे कारण लोभ नव्हे. एकाच्या पेन्शनवर नातवाची फी जाते, दुसऱ्याच्या पेन्शनवर विधवा बहीण अवलंबून आहे, आणि तिसरा म्हणाला की पेन्शन हातात असते तोवर सून चहा विचारते. निम्मी पेन्शन कापून खोली मिळत असेल आणि पत्नीला बरोबर राहू देणार असतील, तर विचार करू, असे बहुतेकांनी सांगितले. ज्यांच्या पत्नी हयात नाहीत त्या दोघांनी मात्र लगेच विचारले की जागा कुठे बघितली आहे आणि रुग्णालय तेथून किती दूर आहे.